कोळशाची पिशवी आणि लीलाताईंचे पंखकिडे

जबलपूरहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लांबच. तरी माझं अर्धं आयुष्य समुद्राचं पाणी बनवण्यात गेलं. गोहलपुरात आमचं दुकान होतं. मिस्टर काच कापून टाक्या जोडायचे आणि त्या टाक्यांत जे काही जगायचं ते जगवायची जबाबदारी माझी. गोड्या पाण्यातले मासे कोणीही विकतं. खाऱ्या पाण्याच्या वाटेला फारसं कोणी जात नसे, कारण त्यात जीव जायला निमित्तही लागत नाही.

लोकांना वाटायचं, आम्ही रेल्वेनं समुद्राचं पाणीच मागवतो. तसं नसतं. आधी पाणी यंत्रातून काढून अगदी कोरं करायचं, मग त्यात खास मीठ घालून एका ड्रममध्ये ते रात्रभर फिरवत ठेवायचं. हे स्वयंपाकघरातलं मीठ नव्हे. समुद्रात जे जे विरघळलेलं असतं ते सगळं थोडंथोडं त्यात असतं. हे पाणी ऐनवेळी बनत नाही. म्हणून आमच्या दुकानात मागच्या खोलीत भरलेले दोन ड्रम कायम तयार असायचे. पाहुणे आले तरी त्यांना बसायला जागा नसायची, पण ड्रम हलायचे नाहीत.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. सराफ्यातले एक सेठजी दर नर्मदा जयंतीला टाकीत लोटाभर नर्मदाजल ओतायचे. मी नको म्हटलं की म्हणायचे, "मैया के जल से कोई मरता है क्या, बहनजी?" शेवटी मी त्यांना सांगितलं, "सेठजी, मैया का मन बड़ा है, मछली का पेट छोटा है." ते त्यांना पटलं. पुढं लोटा टाकीशेजारी ठेवून त्याचीच पूजा व्हायला लागली. शहपुऱ्याच्या एका धान्य व्यापाऱ्यानं नारिंगी पट्ट्यांच्या माशांची जोडी नेली आणि आठवड्यात तक्रार घेऊन आला, "ये तो कोने में बैठी रहती हैं, घूमती ही नहीं. बदल दो." मी त्याला विचारलं, तुम्ही तरी दिवसभर गल्ल्यावरून कुठे उठता? तो हसला आणि त्यानं मासे ठेवून घेतले.

पण हे गमतीचे प्रसंग आता सांगायला बरे. तेव्हा मी सतत धास्तीत असायची. फोन वाजला की कुठंतरी काहीतरी बिघडलेलंच असायचं. लाइट गेली, पाणी तापलं, पोरानं टाकीत बिस्कीट टाकलं, मोलकरणीनं काच फिनाइलनं पुसली. कोणी नुसतं "ताई, जरा येऊन जाता का?" म्हटलं तरी मी चप्पल शोधायला लागायची. त्यातला एक फोन मला अजून तसाच ऐकू येतो. तो खमरियाहून आला होता.

खमरियाच्या रस्त्याला प्रभाकरभाऊंचं घर. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून तिथल्या दारूगोळा कारखान्याच्या नोकरीला इकडे आले, माझेही वडील तिकडचेच. त्यामुळं पहिल्या भेटीत 'जयभीम' झाल्याबरोबर गाव, गोत सगळं निघालं होतं. भाऊ निवृत्त झाल्यावर टाकी घ्यायला जोडीनं दुकानात आले. त्यांच्या पत्नी लीलाताई माशांकडे बघेनातच. त्या एका कोपऱ्यात वाकून उभ्या राहिल्या होत्या.

"काहून जी ताई, हे फूल आहे का किडा?" त्यांनी विचारलं.

तो किडाच होता. बाजारात त्याला फेदर डस्टर म्हणतात, मी पंखकिडा म्हणायची. बोटाएवढी चामड्यासारखी नळी असते. तिच्यात तो राहतो आणि तोंडाशी पिसांचा गोल झुपका उघडून बसतो. तपकिरी-पांढऱ्या पट्ट्यांचा, अगदी हातपंख्यासारखा. पाण्यातून वाहत येणारं बारीक खाद्य तो त्या पिसांनी गाळून घेतो. समोरून सावली गेली की झुपका क्षणात आत ओढून घेतो.

लीलाताईंनी बोट पुढं नेलं, झुपका गप्पकन आत गेला, आणि त्या लहान मुलीसारख्या हसल्या. "लाजून राहिला पहा!" म्हणाल्या. तीन पंखकिडे त्यांनीच निवडले. मासे आणि एक लाल पाठीची कोळंबी भाऊंनी घेतली.

वर्षभरानं लीलाताईंना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द निघत नसे. भाऊंनी पलंग टाकीसमोर लावला. दुपारभर त्या समोरच्या तीन झुपक्यांकडे पाहत असायच्या. मी साफसफाईला गेले की डावा हात थोडा उचलायच्या. मी त्याला जयभीम समजून उत्तर द्यायची.

आता कोळशाचं सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर आहे. हा शेगडीतला कोळसा नव्हे. नारळाच्या करवंट्या जाळून, त्यावर प्रक्रिया करून केलेला काळा रवा. तुमच्या घरच्या पाण्याच्या यंत्रातही असतो. त्याच्या प्रत्येक दाण्याला डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोकं असतात. पाण्यात विरघळलेला रंग, वास, औषध, विष त्या भोकांत अडकून बसतं. पिवळट पाणी कोळशावरून फिरवलं की लख्ख होतं.

मग तो टाकीत कायम का ठेवू नये? यावर भाऊंचा आणि माझा नेहमी वाद व्हायचा. मुलीनं दिलेल्या मोबाइलवर ते दिवसभर वाचत असायचे. "ताई, पाणी इतकं कोरं केलं तर गाळून खाणारे खातील काय? कोळसा त्यांच्या ताटातलं ओढून राहिला," असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच चूक नव्हतं. कोळसा विरघळलेलं ओढतो. खाद्याचे कण त्या भोकांत मावत नाहीत, पण कोळशाच्या दाण्यांत आणि त्याच्यापुढं लावलेल्या कापसात ते अडकतातच. शिवाय पाण्यातल्या काही उपयोगी गोष्टीही त्याच्यासोबत जातात. एकदा झुपके लहान व्हायला लागलेले मीही पाहिले होते. म्हणून आम्ही दोघांनी मिळून मधला मार्ग काढला. महिन्यातून थोडे दिवस छोटी पिशवी ठेवायची, एरवी काढून टाकायची. खाऊ घालताना पंप बंद करायचा.

त्या दिवशी पिशवी टाकीत नव्हती. तिची वेळच नव्हती.

फोन आला तेव्हा सकाळचं जेवण उरकून मी भांडी आवरत होते. पलीकडून भाऊ नव्हते, त्यांची मुलगी मीनल होती. पुण्याला नोकरी करायची, आईसाठी रजा घेऊन आली होती. "मावशी, आप जल्दी आ जाओ. आईच्या टाकीला काहीतरी झालंय. फूल सगळे गळून पडले."

गळून पडले, हे ऐकून मी हातातलं भांडं खाली ठेवलं. पंखकिडा भीतीनं झुपका आत घेतो, पण गाळून टाकत नाही. टाकतो तेव्हा त्याच्या जिवावर बेतलेलं असतं.

"घरात काय केलं आज? काही मारलं? रंग, फिनाइल, काही?"

"काल आईला दुसऱ्या खोलीत निजवून झुरळांसाठी माणूस बोलावला होता. पण टाकी झाकली होती मावशी, कसम से. चादर टाकून, चारी बाजूनं दाबून."

मी मिस्टरांना सांगितलं, एक ड्रम कॅनमध्ये भरा आणि ई-रिक्षानं खमरियाला घेऊन या. कोळशाचा आख्खा डबा उचलला, स्कूटीला दोन कॅन अडकवले आणि निघाले. रस्त्यात कारखाना सुटल्याची गर्दी नव्हती, एवढंच नशीब. झुरळांचं औषध माणसाला फारसं काही करत नाही, पण पाण्यातल्या जिवाला त्याचा थेंबही पुरतो. वाटेत मनात एकच हिशेब चालू होता. मासा तगेल, कोळंबी गेली असेल, आणि किडे?

घरात वास जेमतेम उरला होता. टाकीत कोळंबी आडवी पडली होती. दोन मासे वर येऊन तोंड उघडत होते. तळाच्या वाळूवर तीन झुपके, वाळलेल्या गवतासारखे, आणि तीन नळ्यांची तोंडं उघडी. लीलाताई पलंगावर होत्या. त्यांनी हात उचलला नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही.

चादर खरोखरच नीट घातली होती. मग विष गेलं कुठून? मी टाकीच्या मागे वाकले. खाऱ्या टाकीला एक यंत्र असतं, स्किमर. ते पाण्यात हवा घुसळून फेस करतं आणि फेसाबरोबर घाण बाहेर काढतं. त्याला हवा लागते, म्हणून त्याची बारीक नळी बाहेर खोलीत सोडलेली असते. ती पलंगामागच्या भिंतीशी लोंबत होती. माणसानं तिथंच, भिंतीच्या कडेनं फवारलं होतं. चादरीखालची टाकी त्या नळीनं रात्रभर खोलीतली हवा ओढत राहिली होती.

मीनल माझ्या मागेच उभी होती. तिला मी काही सांगितलं नाही, पण नळी हातात धरून मी जशी बसले, त्यावरून ती समजली. ती स्वयंपाकघरात निघून गेली. नळाचं पाणी जोरात सोडल्याचा आवाज येत राहिला.

मी नळी खिडकीबाहेर काढली, खिडक्या उघडल्या, आणि ओसरीवर परातीत कोळसा धुवायला घेतला. धुतल्याशिवाय घातला तर त्याची काळी भुकटी किड्यांच्या नळ्यांत जाते. पाणी काळं, मग राखी, मग स्वच्छ. एवढं होईपर्यंत तिकडे मासे तोंड उघडतायत, हे पाहणं फार कठीण असतं. भाऊ शेजारी उकिडवे बसले.

"ताई, एवढा सगळा घालता? आधीच झुपके नाहीत. हे उपाशी मरतील."

"भाऊ, झुपका नाही म्हणजे आज ते तसंही काही खाणार नाहीत. आधी विष काढू. जगले तर भुकेचं पाहू."

"आणि विष निघालं नाही तर?"

मी पिशवी भरली, फिल्टरमध्ये अशी बसवली की सगळं पाणी तिच्यातूनच जावं. मिस्टर पाणी घेऊन आले तेव्हा आम्ही टाकीतलं अर्धं पाणी बदललं. एकदम सगळं बदललं तर जे तगलंय तेही दगावतं. संध्याकाळपर्यंत मासे खाली उतरले. पण नळ्यांमध्ये कोण जिवंत आहे, कोण नाही, हे कळायला काही मार्ग नव्हता. नळीतून किडा ओढून पाहिला तर तो पाहण्यानंच मरतो. थांबायचं फक्त.

मी रोज जायला लागले. कोळशाची भोकं भरली की तो काही कामाचा राहत नाही, म्हणून पिशवी बदलत राहायचं. मग हळूहळू कमी करत न्यायचा. ड्रॉपरनं हिरव्या खाद्याचा थेंब नळीच्या तोंडाशी सोडायचा, पंप बंद करून. ते खाद्य म्हणजे सूक्ष्म शेवाळ. त्याची बाटली त्यांच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी असायची. आत कोणी आहे की नाही हे ठाऊक नसताना दारात ताट ठेवून यायचं, असं ते काम.

इकडे लीलाताईंचं खाणं सुटत चाललं होतं. भाऊ चमच्यानं पेज भरवायचे, त्या दात घट्ट मिटायच्या. मान भिंतीकडे. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले नवीन काही दिसत नाही, पण असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. मी टाकीपुढं बसायची तेव्हा मागून चमच्याचा आवाज यायचा. मनात यायचं, या नळ्या रिकाम्या निघाल्या तर मी या बाईला काय तोंड दाखवू?

मीनलनं रजा वाढवली. एक दिवस मी निघताना ती ओसरीवर आली.

"मावशी, बाबा म्हणतात आईला सांगू नको. तिला वाटू दे की आपोआप झालं."

"मग?"

"मी तीन साल से फोनवर नुसतं 'आई, कशी आहेस' म्हणत आहे. ती बोलू शकत नाही, तरी मी विचारते. या वेळी वाटलं, काहीतरी करून जावं. निदान खोली तरी साफ." तिनं डोळे पुसले. "और क्या किया मैंने?"

मी इतकंच म्हटलं की चादर तू नीट घातली होतीस, ती नळी मलाही लवकर दिसली नसती. ते खरं होतं, पण खऱ्यानं तिचं काही हलकं झालं नाही.

मग एका सकाळी टाकीचं झाकण उघडताच वास आला. मधली नळी मऊ पडली होती. कुजलेला किडा टाकीत राहिला तर बाकीच्यांना मारतो, काढावाच लागतो. मी माझ्या पाठीनं लीलाताईंची नजर अडवून चिमट्यानं ती नळी उचलली आणि प्लास्टिकच्या पिशवीत घातली. वळले तर त्या बघत होत्या. भिंतीकडे नाही, माझ्या हातातल्या पिशवीकडे. मग माझ्यावरून त्यांची नजर दाराकडे गेली. दारात मीनल उभी होती. लीलाताई तिच्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिल्या आणि मग त्यांनी डोळे मिटले.

मी ती नळी दुकानामागच्या निंबाखाली पुरली. या धंद्यात असं पुरण्याचं काम मी फार वेळा केलंय. कुठल्या कुठल्या समुद्रातून हे जीव आणायचे, आणि नर्मदेकाठच्या मातीत घालायचे. त्याची सवय झाली, हे मला आज फारसं चांगलं वाटत नाही.

त्यानंतर फोन आला तो भाऊंचा. "ताई, लवकर या. ही विचित्र आवाज काढून राहिली. हात हलवून राहिली. मीनल डॉक्टरला फोन लावतेय, पण तुम्ही या."

मी का? असं विचारायचंही सुचलं नाही. पोहोचले तेव्हा लीलाताई उशीवरून अर्ध्या सरकल्या होत्या. घशातून "अ… अ…" असा आवाज. डावा हात पुढं ताणलेला. भाऊ त्यांना आडवं करायला बघत होते, पाणी देत होते, कुठं दुखतंय विचारत होते. त्या त्यांचा हात झटकत होत्या.

बोट टाकीकडे होतं.

मी काचेला नाक लावलं. उजवी नळी तशीच होती, पण डाव्या नळीच्या तोंडातून काहीतरी बाहेर आलं होतं. झुपका नव्हे, झुपक्याची सुरुवात. पिसं इवली, फिकट, पट्टे अजून न आलेली, तान्ह्या मुलाच्या जावळासारखी. मी हाताची सावली पाडली, ती आत गेली. थोड्या वेळानं भीत भीत पुन्हा बाहेर.

"भाऊ," मी म्हटलं, "हा जिवंत आहे."

भाऊ टाकीपाशी आले, पाहिलं, आणि खुर्ची ओढून तिथंच बसले. "हिला दिसलं," ते म्हणत राहिले. "आपण रोज डोळे फोडून राहिलो, आणि दिसलं हिला." लीलाताईंच्या घशातला आवाज थांबला होता. त्यांना धाप लागली होती.

मीनल फोन तसाच हातात धरून पलंगाजवळ आली. खाली बसली. भाऊंनी मान हलवून नको म्हटलं, पण तिनं पाहिलं नाही.

"आई, ते मी केलं. झुरळांचा माणूस मी बोलावला होता. दवाई मीच मारायला लावली. बाबा म्हणाले सांगू नको. म्हणून मी… सॉरी आई."

लीलाताईंनी तिच्याकडे पाहिलं. डावा हात उचलला, आणि तिच्या गालावर फाडकन एक चापट मारली. जोर कुठून आणला, कोण जाणे. खोलीत आवाज झाला.

मीनलनं गालाला हात लावला. तिचा चेहरा आधी कोरा पडला, मग फुटला, आणि ती हसायला लागली, रडता रडता, मोठ्यानं. "बाबा! आईनं मारलं! देखा आपने? आईनं मला मारलं!"

लीलाताईंचा हात तिच्या गालावरच राहिला होता. भाऊंनी पेजेची वाटी पुढं केली, तर त्यांनी ती भाऊंकडून घेतली नाही. मीनलकडे डोळ्यांनी खूण केली. तिनं चमचा भरला, आणि लीलाताईंनी तोंड उघडलं.